चिंचेनं घासलेली नाणी

तळी उचलताना पाच जणांचे हात ताटाला लागतात. येळकोट येळकोट म्हणत ताट तीनदा कपाळापर्यंत न्यायचं आणि खाली टेकवायचं, एवढंच. मी हे लहानपणापासून बघत आले आहे. पण त्या चंपाषष्ठीला आमच्या घरी ताट दुसऱ्यांदा वर गेलं आणि तिथंच थांबलं.

थांबवलं ते तात्यांनी. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वयानं थोरले. त्यांनी ताटावरचा एक हात सोडला, भंडाऱ्यात बोट घालून काहीतरी उकरलं आणि दारातून येणाऱ्या उजेडात धरलं.

"ही चांदी कुठली?"

भंडाऱ्याखाली, पानसुपारीच्या बाजूला, मायनं मूठभर नाणी ठेवली होती. जुन्या रुपयापेक्षा मोठी आणि जाड, पण त्यातलं एकही गोल नव्हतं. विळीवर कापलेल्या खोबऱ्याच्या तुकड्यांसारखी वाकडीतिकडी होती. माझा धाकटा चुलता, नाना, ती आदल्या दिवशी घेऊन आला होता.

"बाजारातनं घेतली," नाना म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"कुण्या बाजारातनं?"

"सोलापुरातनं."

"सोनार कोण?"

नानानं तात्यांच्या हातातल्या नाण्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "खरं सांगू का तात्या, दर्यातली हायत. समुद्रातली."

मागून कुणीतरी हसलं. "समिंदर आपल्या वढ्याला येऊन मिळतुया व्हय रं?" हसणं पुरतं संपलं नाही तोच ताट भिंतीवर आदळलं. भंडारा धुरासारखा घरभर उडाला. तात्यांनी भिंतीला टेकवलेल्या जुवातली शिवळ उपसली. बैलाची मान अडकवायचा तो बाभळीचा दांडका. तो नानाच्या डोक्यावर येत होता. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मध्ये हात घातला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. आप्पा खाली बसले तेव्हा त्यांचा उजवा पंजा मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला होता. नाकातून रक्त आलेला नाना आणि तात्यांचा पोरगा उंबऱ्यात एकमेकांचे गळे धरून लोळत होते. दोघेही भंडाऱ्यानं पिवळे झाले होते आणि त्यावर रक्त पडलं की नारिंगी डाग उठत होते. मी काय करत होते? मी समई धरून उभी होते. ती पडू नये एवढंच मला सुचलं.

"मेलेल्याच्या उरावर कुदळ मारली तुमी," तात्या ओरडत होते. "माझ्या मायच्या चुलीखालनं काढलीत!"

हे ऐकल्यावर भावकीतला कुणीही हसला नाही.

आमचं गाव सास्तूरच्या पुढं आहे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते दुसरीकडं वसवलं. जुन्या गावठाणात आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. आप्पांचं आणि तात्यांचं घर तिथं एकच होतं, मातीच्या माळवदाचं, दोन चुलींचं. आप्पा आणि तात्या तेव्हा पोरंच, त्या पहाटे दोघं मेंढरांबरोबर रानात झोपली होती म्हणून वाचली. धावत आली तेव्हा घराच्या जागी माती होती. दोघांनी मिळून हातांनी उकरलं. आधी ज्या बाजूनं उकरलं ती आमच्या चुलीची बाजू निघाली. माझी आजी जिवंत सापडली. तात्यांच्या मायपर्यंत पोचायला दुपार झाली. तोवर त्या गेल्या होत्या. ही गोष्ट मला आप्पांनी कधीच सांगितली नाही, आजीनं सांगितली होती, तीसुद्धा एकदाच.

तात्यांच्या मायनं चुलीखाली निजामाच्या वेळच्या चांदीच्या रुपयांचा तांब्या पुरला होता, असं सगळी भावकी म्हणते. तो कुणाला सापडला नाही. ती जागा उकरायची नाही, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं होतं. आमच्याकडं जुन्या गावातून लोक तुळई, दगड आणतात, पण जिथं माणूस गेलं तिथली चूल कुणी हलवत नाही. म्हणून तात्यांचा आळ चोरीचा नव्हता. चोरीपेक्षा वाईट होता.

नानाची खरी गोष्ट अशी होती. तो कोकणात एका बंदरावर गाळ उपसणाऱ्या बोटीवर कामाला होता. खालचा गाळ नळीतून वर येतो, दगडधोंडे लोखंडी जाळीत अडकतात आणि ती जाळी साफ करायची. एक दिवस तिथं काळा, शिंपल्यांनी माखलेला गोळा अडकला. नानानं तो फोडला तर आत चकत्या. मुकादमाला न सांगता त्यानं त्या जेवणाच्या डब्यात घातल्या. असलं सापडलं की सरकारला कळवावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो आधी सोलापूर म्हणाला. आणि एकदा सोलापूर म्हटल्यावर त्याच्या समुद्रावर कोण विश्वास ठेवणार?

दवाखान्यात आप्पांनी बैलगाडीवरून पडलो असं सांगितलं. डॉक्टर प्लास्टर घालता घालता म्हणाले, "गाडीवरून पडणारा माणूस हात असा वर धरून पडतो का?" आप्पा म्हणाले, "आमी पडताव."

चार दिवसांनी भावकी मारुतीच्या पारावर बसली. एक म्हातारे म्हणाले, "ही पोरगी कॉलेजात इतिहास शिकती न्हवं? तिला वळखू द्या की. निजामाची निघाली तर घरातली, तात्याची. भायेरची निघाली तर ह्यांची."

"तिचाच बाप आन तिचाच चुलता," तात्या म्हणाले. "ती काय सांगणार?"

"मग तू वळख. तुला तर चष्म्याबिगर बैल का गाय ते कळंना."

पारावर हशा झाला. तात्या हसले नाहीत. ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "सांग बाई. पर एक ध्यानात ठिव. समुद्रातली हायत हे पटलं तर मी माघार घेतो. न्हाय पटलं, तर तुझ्या बापाचा दुसरा हात बी जाग्यावर ठिवणार न्हाय."

आप्पा पाराच्या कडेला बसून डाव्या हातानं तंबाखू मळायचा प्रयत्न करत होते. एका हातानं ती मळता येत नाही. त्यांनी ती तशीच तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी मी धाराशिवला निघाले. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. 'ओळखून आण' असं मला कुणीतरी सांगितलं याची, खोटं कशाला बोलू, थोडी छाती फुगली होती. स्टँडवर तात्यांचा पोरगा मोटरसायकल आडवी लावून थांबला होता. त्याचा ओठ अजून फाटलेलाच होता.

"ताई, निकाल नीट लाव," तो म्हणाला. "कळंबच्या बाजाराला जाऊन तेरखेड्यावरनं यायचं हाय मला. कायतरी घिऊन येईन म्हणतो."

तेरखेड्याला फटाके बनतात. तेव्हा मला वाटलं, नुसता डिवचतोय.

आमच्या इतिहासाच्या मॅडमनी नाणं हातात घेतलं, भिंगाखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग त्यांनी मला बघायला सांगितलं. मला आधी नुसते ओरखडे दिसले. मग एक क्रूस दिसला. त्याच्या चार घरांपैकी दोनांत किल्ल्यासारखं काहीतरी आणि दोनांत सिंह, समोरासमोर. दुसऱ्या बाजूला दोन खांब, खाली लाटांच्या रेघा, मध्ये आठचा आकडा आणि एक अर्धवट पी. ना फारसी अक्षर, ना चारमिनार. निजामाचं यात काहीच नव्हतं.

"स्पेनचं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण स्पेनमध्ये पाडलेलं नाही. हा पी पोतोसीचा असावा. दक्षिण अमेरिकेतला चांदीचा डोंगर. तिथल्या लोकांना जबरदस्तीनं खाणीत उतरवायचे. आत गेलेले कितीतरी वर आलेच नाहीत. वर आलेली चांदी कापायची, वजन करायचं आणि साच्यावर ठेवून हातोडा मारायचा. घाईचं काम, म्हणून गोल नाही."

म्हणजे हे नाणं मारानंच तयार झालेलं होतं. मला तात्यांची शिवळ आठवली.

"मग मॅडम, हे समुद्रातलं आहे, असं मी सांगू शकते ना?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "नाही सांगता येणार. ही चांदी व्यापारातून सुरतेला यायची, गोव्याला यायची. तिथून देशावर कुणाच्या तांब्यात गेलीच नसेल असं कसं म्हणू? स्पेनचं आहे हे नाणं सांगतं. कुठून काढलं ते नाण्यावरचा थर सांगतो. समुद्रात राहिलेल्या चांदीवर काळं कवच चढतं. वाळू, शिंपले चिकटतात. ते कवच कुठंय?"

मी नाण्याकडं पाहिलं. ते लख्ख पांढरं होतं.

"मायनं चिंचेनं घासलं," मी म्हणाले. "तळीच्या ताटात ठेवायचं होतं ना. बाहेरची चांदी घासल्याशिवाय देवापुढं ठेवत नाहीत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माझ्या आईनंही तेच केलं असतं."

परतीच्या एसटीत मी सारखी एकच गोष्ट घोळवत होते. समुद्रातलीच आहेत, असं ठोकून दिलं तर? मॅडमचा दाखला दिला तर कोण विचारायला जाणार? आणि समुद्राबद्दल नाना खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक होतंच. म्हणजे मी सांगितलेलं खोटंही ठरलं नसतं. पण मला जे माहीत होतं ते नाण्यामुळं माहीत नव्हतं, नाना माझा चुलता आहे म्हणून माहीत होतं. मला ओळखायला सांगितलं होतं नाणं. सास्तूर आलं तरी माझं ठरलं नव्हतं.

पारावर उभी राहिल्यावर माझ्या तोंडून खरं तेच निघालं. स्पेनची आहेत, निजामाची नाहीत, एवढं नक्की. पण समुद्रातूनच आली, हे नाण्यांवरून सांगता येत नाही. पूर्वी व्यापारातून अशी चांदी आपल्याकडंही येत होती.

"म्हंजी माझ्या मायच्या तांब्यात असू शकतंय," तात्या म्हणाले.

"असू शकतं," मी म्हणाले.

नानानं माझ्याकडं असं पाहिलं की मला पायाखालचा दगड दिसेनासा झाला. आप्पा घरी येताना फक्त म्हणाले, "व्हतं ते सांगितलंस. चल."

दिवस मावळताना मेंढरं वाड्यात येतात. काट्यांच्या कुंपणाचा गोल वाडा, घरामागंच. नाना फाटक लावत होता तेव्हा पहिला सुतळी बॉम्ब आत पडला. मला वाटलं, विजेचा खांब फुटला. मग दुसरा, मग एकदम कितीतरी. मेंढरं ओरडत नव्हती, ती एकावर एक चढत होती. धुरात नुसती लोकर हलताना दिसत होती. कुंपणाच्या एका बाजूनं पेट घेतला. नाना आत शिरला आणि जळत्या काट्या हातांनी ओढू लागला. आप्पा एका हातानं कोकरं उचलून बाहेर फेकत होते. एक गाभण मेंढी माझ्या पायापाशी पडली होती, तिचं पोट फाटलेलं होतं आणि आतलं कोकरू हलत होतं. ते हलायचं थांबेपर्यंत मी तिथून उठू शकले नाही. मोटरसायकलचा आवाज ओढ्याच्या बाजूला गेला.

नानानं कुऱ्हाड घेतली. आप्पांनी त्याला पाठीमागून मिठी मारली. नानानं सुटायला कोपर मारलं ते नेमकं प्लास्टरवर बसलं. आप्पा किंचाळले. मी माझ्या बापाला पहिल्यांदा किंचाळताना ऐकलं. तेव्हा नानाच्या हातातून कुऱ्हाड गळाली.

सकाळी माय भाजलेल्या मेंढरांना हळद आणि करडईचं तेल लावत बसली होती. मेलेली मेंढरं एका रांगेत ठेवली होती. माय रडत नव्हती, शिव्या देत होती. तात्यांना, नानाला, नाण्यांना. "म्या हातानं घासली मेल्यांना. निघता निघंना. रातभर चिंचंत ठिवली, मग वरवंट्यानं ठोकली, तवा कुठं पोळीच्या पापुद्र्यावानी काळं सुटलं."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. "पापुद्रा? अख्खा?"

"काई आख्खं, काई चुरा."

"ते कुठं टाकलंस माय?"

ती माझ्याकडं वेड्यासारखं बघायला लागली. "देवाच्या चांदीचं पाणी गटारीत टाकत्यात व्हय गं? कालिजात हेच शिकीवत्यात का? तुळशीत वतलं."

आमची तुळस जुन्या तेलाच्या डब्यात आहे. मी बोटांनी माती उकरली. आधी नुसती वाळू लागली, आमच्या काळ्या मातीत नसते तशी, पांढुरकी. मग शिंपल्यांचे कण. मग मुळांमध्ये अडकलेली एक काळी खपली, अर्ध्या तळहाताएवढी. एका बाजूनं ती खडबडीत होती. तिच्यावर नखाएवढा शिंपला आणि किड्यांनी केल्यासारख्या पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या होत्या. मी ती उलटी केली. आतली बाजू गुळगुळीत होती आणि तिच्यावर क्रूस होता. उलटा, खोलगट, त्याच्या एका घरात सिंह. साच्यात राहतो तसा.

मी ती मायच्या ओंजळीत ठेवली. तुळशीच्या पानांना अजून भंडारा लागलेला होता.

खपलीशी जुळणारं नाणं निवडून मी तात्यांकडं निघाले. आप्पा म्हणाले, "म्या येतो." नाना म्हणाला, "म्या बी." आप्पा म्हणाले, "तू हितंच मेंढरं पूर."

तात्या त्यांच्या अंगणात खाटेवर बसले होते. पोरगा दारात उभा होता. आम्हाला बघून त्यानं पायानं दगड पुढं ओढला. मी त्याच्याकडं न बघता तात्यांपुढं बसले. नाणं आणि खपली त्यांच्या हातात दिली. बोलायचं होतं ते सगळं विसरून गेले. एवढंच म्हणाले, "तात्या, बसवून बघा."

त्यांनी चष्मा लावला. खपली नाण्यावर ठेवली, थोडी फिरवली, आणि डब्यावर झाकण बसावं तशी ती बसली. त्यांनी ती पुन्हा उचलली, पुन्हा बसवली. मग उलटी करून शिंपला पाहिला. नळ्यांवरून नख फिरवलं.

"गोगलगाय आसंल ती," पोरगा म्हणाला.

"गप."

तात्यांनी खपलीला जीभ लावली. तोंड वाकडं केलं. "आंबट लागतंय."

"मायनं चिंचेत ठेवली होती," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग आप्पांच्या प्लास्टरकडं. ते रात्रीत मधोमध तडकलं होतं आणि आतल्या कापसाला रक्त लागलं होतं. तात्या उठले आणि त्यांनी स्वतःच्या पोराच्या कानशिलात इतक्या जोरात मारली की तो दाराच्या चौकटीवर आपटला. "गाभण व्हती ती मेंढी," ते म्हणाले आणि पुन्हा मारली. पोरानं हात वर केला नाही. आप्पा म्हणाले, "तात्या, बास करा." पण तात्या थांबेनात. मला वाटलं होतं की खरं कळल्यावर मार थांबेल. तसं झालं नाही. त्यानं फक्त दिशा बदलली.

दमल्यावर ते भिंतीला टेकले. मग आप्पांना म्हणाले, "तू न्हाय नेलास, तर मग तांब्या तिथंच हाय."

आप्पांनी तडकलेलं प्लास्टर छातीशी धरलं.

"तिथंच हाय न्हवं? तिच्यापाशीच?"

"आसंल," आप्पा म्हणाले.

तात्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि चालायला लागले. चप्पल घातली नाही. आप्पा त्यांच्या मागं निघाले, मी आप्पांच्या मागं. तसेच आम्ही जुन्या गावठाणापर्यंत गेलो.

नाणी नंतर आम्ही तहसील कार्यालयात जमा केली. नाना परत त्या बोटीवर गेला नाही. उरलेली मेंढरं तोच बघतो. आप्पांचं मनगट आता अर्धंच वळतं. हे सगळं पुढचं. पण मला लिहायचं होतं ते त्या सकाळपर्यंतच.

घर कुठं होतं ते मला ओळखता आलं नसतं. ते दोघं मात्र थेट त्या बाभळीपाशी गेले. तात्यांनी पहार मारायला सुरुवात केली. दगडावर लोखंड बसलं की ठिणगी उडायची. ते ज्या त्वेषानं मारत होते, त्याला उकरणं म्हणता येणार नाही. ते त्या जागेला मारत होते. मुळं तोडत होते, दगडांना शिव्या देत होते. आप्पा गुडघ्यांवर बसले आणि डाव्या हातानं सुटलेले दगड बाजूला ओढू लागले. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "तू न्हाय. तू बस."

ऊन वर आलं तेव्हा एक दगड निघाला. चुलीचा, एका बाजूनं अजून काळा. तात्यांची पहार वरच थांबली. खाली नुसती माती होती, तांब्या कुठं नव्हता. आप्पांनी तो दगड एका हातानं उचलून पाहिला, तो उचलेना. तात्यांनी पहार टाकली आणि दुसरी बाजू धरली.

"ह्या बाजूनं आधी उकराया पायजे व्हतं," आप्पा म्हणाले.

"व्हय," तात्या म्हणाले. "पायजे व्हतं."

दोघांनी मिळून दगड बाहेर काढला आणि बाभळीच्या सावलीत ठेवला. काजळी त्यांच्या हातांना लागली होती. ती त्यांनी कशालाही पुसली नाही.